जर्मनच्या बुढ्याची शिंपणी

फळ्यावर मी 'सिंफनी' असं लिहिलं आणि चौथीच्या वर्गाने एका सुरात वाचलं, "शिंपणी."

चूक माझीच. माझं अक्षर काही मोत्याचं नाही, आणि आमच्या मुलांना शिंपणी रोजची. सकाळी उठायचं, अंगणात शेणाचा सडा शिंपायचा, मग तोंड धुवायचं. सिंफनी त्यांच्या बापजन्मात कोणी ऐकलेली नव्हती. खरं सांगायचं तर माझ्याही. मी गोंडपिपरी तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरीण आहे. कविता चालीवर म्हणून घेते, पाढे ओरडून घेते, आणि माझा आवाज चढला की शाळेमागच्या मोहावरचे पोपट उडून जातात. विलायती संगीताशी माझा संबंध एवढाच की माझे बाबा बहिरे झाले.

तर आधी बाबांचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

बाबा झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवायचे. आमच्या भागात दिवाळी उरकली, धान घरात आलं, की गावोगाव नाटकं सुरू होतात. कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, कुठे मंडई म्हणजे गावची जत्रा, आणि नाटकाशिवाय त्याला शोभा नाही. या सगळ्या कंपन्यांचं ठाणं वडसा. बाबांनी तिथल्या एकाच कंपनीत उभा जन्म काढला. कंपनीचे मालक आणि बाबा एका गावचे, एका वयाचे, आणि एकाच वर्षी घरून पळून नाटकात गेलेले. मी त्यांना भाऊ म्हणायचे. भाऊ बोलके, बाबा घुमे. भाऊंनी दिवसभर बडबडायचं आणि बाबांनी 'हं' म्हणायचं, अशी चाळीस वर्षं त्यांची मैत्री मजेत चालली.

ऑर्गनवाल्याची बैठक ठरलेली असते. रंगमंचाच्या पुढ्यात, खाली, तोंड नटांकडे आणि पाठ लोकांकडे. लहानपणी आई मला नाटकाला न्यायची तेव्हा मी नाटक कमी आणि बाबांची पाठ जास्त पाहिली. लोक टाळ्या वाजवायचे, वन्स मोअर द्यायचे, आणि बाबा मागे वळूनसुद्धा पाहायचे नाहीत. वळायचं कशाला? कान होते ना.

मग कान गेले. आधी दाराची कडी ऐकू येईना, मग कुकरची शिट्टी, आणि मग मी. आई गेल्यापासून हंगाम नसला की बाबा माझ्याकडेच राहायचे, त्यामुळे मला ते लवकर कळलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं. बाबा म्हणाले, कानात कोंबडी कोंबल्यासारखं वाटते, आणि मशीन डबीत घालून ठेवून दिलं. डॉक्टर वयाने लहान होते. माझी समजूत घालायची म्हणून म्हणाले, जर्मनीत एक फार मोठा संगीतकार होऊन गेला, दोनशे वर्षांपूर्वी. पार बहिरा झाल्यावर त्याने आयुष्यातलं सगळ्यात मोठं संगीत लिहिलं. मला कोण आनंद झाला. घरी येऊन मी ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून बाबांसमोर धरलं.

बाबांनी वाचलं आणि म्हणाले, "त्यानं लिवलं. लिवाले कान लागत नाई, बाई. वाजवाले लागते."

एवढा शहाणा माणूस. आणि मी त्याला काय ओळखलं, तर कप्पाळ.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी मी शाळेत निघाले होते आणि भाऊंचा फोन आला. आदल्या दिवशीच्या नाटकात गाणारी थांबली आणि बाबा वाजवतच राहिले. अख्खं कडवं वाजवलं. लोक हसायला लागले. नटीने हात केला तेव्हा कुठे बाबा थांबले, पण लोक कशाला हसले ते त्यांना कळलंच नाही. भाऊ म्हणाले, हे दुसऱ्यांदा झालं, मी काय करू, तूच सांग. बिचाऱ्यांना वाटलं असेल, ही म्हणेल मी बोलते बाबांशी. किंवा म्हणेल, भाऊ, तुमचा दोस्त आहे, तुम्हीच बसून बोला.

मी म्हणाले, "हा हंगाम कसातरी ढकला. पुढच्या वर्षी बोलावूच नका. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नका."

भाऊ म्हणाले, बरं.

बाबांच्या कळवळ्याने मी असं बोलले, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. साफ खोटं. त्या नाटकाला आमच्या केंद्रातल्या दुसऱ्या शाळांचे दोन मास्तर गेले होते, आणि पुढच्या बैठकीत ते चहा पिता पिता हसणार हे मला माहीत होतं. मला लाज वाटली होती. बापाने पोटाला चिमटा काढून मला डी.एड.ला घातलं, आणि मला त्याची लाज वाटली. ह्यापुढे काय बोलायचं?

पुढची दिवाळी आली. भाऊबीज झाली. बाबांनी सदरे धुतले, कपड्यांची पेटी भरली, पेटीच्या कड्या दोनदा तपासल्या. फोन वाजलेला त्यांना ऐकू येत नव्हता, म्हणून ते मोबाइल समोर स्टुलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसायचे. उजेड पडला की उचलायचा, भाऊंचं नाव दिसलं तरी पुरे. मला शाळेतून यायला संध्याकाळ व्हायची, तोवर ते तिथंच. एकदा उजेड पडला तर तो रिचार्ज संपल्याचा निरोप होता. पंधरा दिवसांनी वडशाकडचा कोणी ओळखीचा बाजारात भेटला आणि त्याने हातवारे करून सांगितलं की कंपनीने कीबोर्डवर नवा पोरगा बसवलाय. बाबा घरी आले, पेटी उपसली, सदरे परत खुंटीला लावले.

"मले तोंडावर सांगतलं असतं, तं मी सोताच उठलो असतो," ते म्हणाले. "चाळीस वर्साचा गडी. आन एक फोन नाई."

त्यानंतर रोज भाऊंचा उद्धार. घुमा माणूस, पण याबाबतीत तोंडाला खळ नाही. जेवताना, दाढी करताना, उन्हात बसताना, दगाबाज, तोंडाचा गोड, पोटात काळा. मी पोळ्या लाटत ऐकत राहायचे. एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही की बाबा, शिव्या द्यायच्या तर इकडे द्या.

माघात भाऊ आले. वडशाहून गोंडपिपरी म्हणजे थट्टा नाही. आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी करत दोन गाड्या बदलून साठी उलटलेला माणूस आला. रविवार होता. बाबा अंगणात लाखोळीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी फाटकात भाऊंना पाहिलं, आणि पाटासकट गर्रकन फिरून भिंतीकडे तोंड करून बसले. भाऊ आले, बाबांच्या मागे उकिडवे बसले आणि त्या पाठीशी बोलायला लागले. बाबांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. भाऊंनाही ते माहीत होतं. तरी ते बोलत होते. मी दारात उभी होते. मग आत जाऊन चहा टाकला, आतही सगळं ऐकू येत होतं, गाळला, बाहेर आणून दिला, आणि ते बोलतच होते. शेवटी त्यांनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि उठले.

फाटकाशी मी म्हणाले, भाऊ, मी सांगून टाकते. भाऊ म्हणाले, "राहू दे. तुह्यासंग राहाचं हाय त्याले. माह्यावर असू दे."

झालं, मला तेवढंच हवं होतं. मोठ्या माणसानेच सांगितलं, म्हटल्यावर आपण कोण?

पण मनातलं कुठून तरी बाहेर निघतंच. मी त्या बहिऱ्या संगीतकाराच्या मागे लागले. मोबाइलवर जे सापडेल ते वाचायचं, जे वाजेल ते ऐकायचं. आणि शनिवारी आमच्या शाळेत दप्तर नसतं, गाणी-गोष्टी-चित्रं असतात, तर म्हटलं, चला, मुलांनाच सांगू. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

पहिल्याच वाक्याला गाडी अडली. मी म्हणाले, तो जर्मन होता. मागच्या रांगेतून विचारणा झाली, जर्मनचा म्हणजे कसा, गंज असते तसा? आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. भाताचा गंज जर्मनचा, डब्बा जर्मनचा. मी देश समजावला, नकाशा दाखवला, पण व्यर्थ. त्याचं खरं नाव त्यांच्या जिभेवर बसेना, आणि तो 'जर्मनचा बुढा' झाला तो झालाच. आता शाळेत दुसरं नाव चालत नाही.

आणि मग ती शिंपणी. मी डस्टर उचललं होतं. पुसता पुसता वाटलं, थांब, ही पोरं चुकली कुठे?

मी विचारलं, अंगणात सडा केव्हा घालता? सकाळी, आणि पाहुणे यायचे असले तर. पाहुणे आल्यावर सडा बघत बसतात का? नाई, आत येऊन बसते, पानी पेते. मग मी सांगितलं की या बुढ्याच्या आधी सिंफनी म्हणजे शिंपणीच होती. राजेलोकांकडे जेवणावळ असायची, मैफल असायची, तेव्हा दहा-वीस-पंचवीस वादक मिळून वाजवायचे. मुळात तर ती नाटकाचा पडदा उघडण्याआधी वाजायची, लोकांनी गप्प बसावं म्हणून. पुढे तिचे चार तुकडे झाले. एक चपळ, एक सावकाश, एक नाचाचा आणि एक पळत सुटणारा. बुढ्याच्या गुरूंनी फार देखणे सडे घातले, रांगोळीसकट. पण ऐकलं, जेवले, घरी गेले. रात्रभर कोणी त्याच्यावर विचार करत जागलं नाही.

"मंग या बुढ्यानं काय केलं?"

या बुढ्याने सड्यालाच सांगितलं की तूच पाहुणा.

हे त्यांना पटलं. मी म्हणाले, तिसरी सिंफनी त्याने इतकी लांबवली की लोक खुर्चीत चुळबुळायला लागले. आधीच्यांच्या दोन मावतील एवढी एकटी. एका शूर सेनापतीसाठी लिहिली होती. मग तो सेनापती स्वतःच मुकुट घालून बादशहा झाला, तेव्हा बुढ्याने कागदावरचं त्याचं नाव एवढं खरडून काढलं की कागदाला भोक पडलं. मुलं खूश. असा रागीट माणूस त्यांच्या ओळखीचा असतो. आता संगीतात नुसतं गोड नव्हतं, भांडण होतं, मरण होतं, आणि मरणानंतर परत उठून उभं राहणं होतं.

दुसऱ्या शनिवारी पाचव्या सिंफनीचे चार ठोके. तीन आखूड, एक लांब. मी टेबलावर वाजवून दाखवले आणि सगळ्या वर्गाने बाकांवर वाजवले. एकाने त्याला शब्द लावले, "ऊठ-न-रे-बाऽ". बरोबर बसले. मी मोबाइलला शाळेचा स्पीकर जोडला आणि सांगितलं, आता हा ठोका कुठे कुठे लपलाय ते शोधा. मुलं कान टवकारून बसली. कधी तो मोठ्याने यायचा, कधी हळूच, कधी चढत, कधी ढोलावर. बोटं वर होत होती, इथी हाय, इथी बी हाय. मी म्हणाले, पाहा, एवढासा दाणा पेरला आणि त्यातून धानाची अख्खी बांधी उभी केली. आधीचे लोक एका गाण्याशेजारी दुसरं गाणं ठेवायचे. याने एकाच दाण्यातून सगळं काढलं. आणि शेवटच्या तुकड्यात तर लग्नाच्या बँडमधल्यासारखी मोठी पितळी वाद्यं आणि पिपाणीसारखी चिमुकली बासरी आणून बसवली. सिंफनीत तोवर अशी वाद्यं कोणी बसवत नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी जंगलातली सिंफनी. त्यात नाला वाहतो, पाखरं बोलतात, गावचे लोक नाचतात, वादळ येतं आणि वादळ गेल्यावर गुराखी बासरी वाजवतो. कोकिळा सगळ्यांनी ओळखली. लाव्हा पक्षी एका मुलीने ओळखला, मला स्वतःला ओळखता आला नव्हता. वादळ सुरू झालं तेव्हा खिडकीजवळचा मुलगा उठून खिडकी लावायला गेला, आणि वर्ग हसून हसून आडवा झाला.

मला इतकी मजा येत होती. एवढ्या वर्षांच्या नोकरीत शनिवारची अशी वाट मी कधी पाहिली नव्हती. घरी यायचे तर बाबा भिंतीला टेकून बसलेले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

चौथ्या शनिवारी शेवटची सिंफनी. मी सांगितलं, आता बुढ्याला काहीच ऐकू येत नव्हतं. लोक वहीत लिहून त्याच्याशी बोलायचे. आणि त्याने काय केलं, तर जिथे फक्त वाद्यं वाजायची तिथे माणसं आणून उभी केली, गायला. तोवर सिंफनीत कोणी गायलेलं नव्हतं. पहिले तीन तुकडे वाजतात, आणि मग एक माणूस उठून म्हणतो, हे नको, चला, आपण काही आनंदाचं गाऊ. आणि मग सगळे गातात, की सगळी माणसं भाऊभाऊ आहेत. मुलांनी ते ऐकलं. शब्द कोणाला कळले नाहीत, पण एकही जण हलला नाही.

पहिल्यांदा ते लोकांपुढे वाजलं तेव्हा बुढा वादकांसमोर उभा होता, तोंड वादकांकडे आणि पाठ लोकांकडे. संपलं. लोक उठून टाळ्या वाजवत होते, रुमाल हलवत होते, टोप्या उडवत होते. बुढा तसाच उभा, आपल्या कागदात डोकं घालून. तेव्हा गाणाऱ्यांतली एक मुलगी पुढे आली, तिने त्याची बाही धरली आणि त्याला हळूच लोकांकडे फिरवलं. मग त्याने पाहिलं.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी मुलांना सांगितली नाही. त्या दिवशी ताल द्यायला बुढा उभा होता खरा, पण वादकांना आधीच गुपचूप सांगून ठेवलं होतं, याच्या हाताकडे पाहू नका, दुसरा माणूस आहे त्याच्याकडे पाहा. त्याच्या पाठीमागे हे ठरलं होतं, आणि त्याला कोणी सांगितलं नव्हतं. हे मी वाचलं तेव्हा मोबाइल पालथा घातला होता. वर्गात सांगताना ती जागा आली, आणि मी ती उडी मारून पार केली.

पहिल्या बाकावरची, लाव्हा ओळखणारी मुलगी, हात वर करून उभी राहिली. तिची आजी आमच्याच गल्लीत राहते, त्यामुळे तिला आमच्या घरचं सगळं माहीत. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या बाबाले बी ऐकू येत नाई ना? मंग त्याईले कोन फिरवते?"

बरोबर विचारलं पोरीने. मी म्हणाले, बस खाली, आणि हजेरी घ्यायला लागले. हजेरी सकाळीच झाली होती.

त्याच दिवशी ठरवलं, बाबांना सांगायचं, वडशाला न्यायचं, भाऊंसमोर बसवायचं. पण परीक्षा तोंडावर होत्या. परीक्षेनंतर पेपर तपासायचे. मग कसलं तरी ऑनलाइन भरायचं होतं, मास्तरांना ते बारमाही असतं. मग ऊन इतकं पेटलं की म्हाताऱ्याला दोन गाड्या बदलत न्यायचं कसं? सुट्टी लागू दे, एक पाऊस पडू दे, मग निवांत जाऊ. कारणांना काय तोटा. खरं कारण एकच होतं, ते सोडून मी बाकी सगळी सांगत होते.

वैशाखात भाऊ गेले. झोपेतच गेले म्हणे. फोन मलाच आला. मी कागदावर लिहिलं, 'भाऊ वारले', आणि बाबांसमोर धरला. बाबांनी कितीतरी वेळ तो कागद हातात ठेवला. मी खाली लिहिलं, 'जाऊ या?'

"जित्तेपनी बोलावलं नाई त्यानं मले," बाबा म्हणाले. "आता काऊन जाऊ?"

पेन माझ्या हातात होता. कागदावर जागा होती. एक ओळ लिहायची होती, आणि बाबा अनवाणी धावत वडशाला गेले असते. मी पेनाला टोपण लावलं. का? अजूनही मला सांगता येत नाही. भित्रे होते, एवढंच. प्रेत उचलेपर्यंत तरी त्यांचा राग माझ्यावर येऊ नये, असं काहीतरी दळभद्री मनात होतं.

मी एकटी गेले. वडशाच्या त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, झाडीपट्टीतले निम्मे नट तिथे होते. भाऊंच्या बायकोने मला जवळ बसवलं आणि विचारलं, भाऊजी नाई आले? मी म्हणाले, तब्येत बरी नाही. आणखी एक खोटं, आता मोजतंय कोण. निघताना त्यांनी आतून एक शाल आणून माझ्या हातात दिली. प्लास्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. म्हणाल्या, हंगामाच्या शेवटच्या नाटकात तुझ्या बाबाले द्याची म्हणून यांनी आनली होती. त्याईले न्याले गेले होते ना हे माघात. आले नाई, तं यांनी कोनालेच देली नाई.

ती शाल मी घरी नेली नाही. सरळ शाळेत नेऊन माझ्या कपाटात, जुन्या निकालपत्रकांखाली ठेवली. तीन आठवडे. शाळा बंद, तरी मी दोनदा जाऊन पाहून आले, उंदरांनी कुरतडली तर नाही. दुसऱ्यांदा गेले तेव्हा कपाटासमोर खुर्चीवर बसून रडले. मोठ्याने रडले. आणि तशीच शाल घेऊन निघाले.

बाबा ओसरीत बसले होते. मी शाल त्यांच्या मांडीवर ठेवली आणि वहीत लिहिलं. अक्षरं नेहमीपेक्षाही वाईट आली. 'भाऊंनी तुम्हाला काढलं नाही. मी नको म्हणाले होते. मला लोकांची लाज वाटली. माझं नाव सांगू नका, असंही मीच म्हणाले.'

बाबांनी चष्मा पुसला आणि परत वाचलं. मी वाट पाहत होते की ते आता ओरडतील, वही फेकतील. मला तेच हवं होतं, ओरडले असते तर सुटले असते मी. त्यांनी शालीवर हात ठेवला आणि विचारलं, "तो त्या दिवशी आलता, तवा काय म्हनत होता?"

मी सगळं लिहिलं. एक शब्द विसरले नव्हते. 'म्हणत होते, शेवटच्या नाटकाला ये. तुझा सत्कार करायचाय. बाजा वाजवायचा नाही, वर खुर्चीवर बसायचं, या वेळेस लोकांकडे तोंड करून. लोक तुझं तोंड ओळखत नाहीत गड्या, नुसती पाठ ओळखतात. म्हणत होते, तो कीबोर्डवाला पोरगा बरा आहे, पण मी बोललो की हं म्हणत नाही. म्हणत होते, माझं चुकलं असेल तर मार, पण एकदा इकडे बघ.'

बाबा एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. शेवटच्या ओळीवर बोट तसंच राहिलं.

"किती वेळ बोलला?"

मी लिहिलं, 'चहा ठेवायच्या आधीपासून पिऊन होईपर्यंत.'

त्यांनी वही मिटली. माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत, खरंच नव्हता. त्यांना फक्त विचारायचं होतं.

"आन तू तिथीच होती?"

मी मान हलवली. होते, बाबा. तिथंच होते.